रोलर कोस्टर चालवणं सोपं, थांबवणं कठीण

मे महिन्यात कोकणातून खोपोलीच्या इमॅजिकाला जाणाऱ्या सहलींचा बेत ठरलेला असतो. रत्नागिरी-चिपळूणहून रात्री निघालेली बस पहाटे वाकण फाट्याला वळते, पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन होतं, चहा-पोहे होतात आणि साडेदहा-अकराच्या सुमारास गाडी पार्कच्या दारात लागते. पुण्याच्या, ठाण्याच्या, नाशिकच्या बसही नेमक्या त्याच वेळी लागलेल्या असतात. दिवसभरात मोठ्या राइड होतात पाच-सहा. परतीच्या वाटेवर कुणीतरी हिशेब मांडतंच: राइडमध्ये पंधरा मिनिटं, रांगेत साडेतीन तास.

पार्कवाल्यांना हा हिशेब आपल्यापेक्षा चांगला पाठ असतो. थीम पार्क म्हटलं की आपल्याला उंच वळणं आणि किंकाळ्या आठवतात, पण आत काम करणाऱ्यांचं बहुतेक लक्ष थांबवण्यावर असतं. माणसांना कुठे आणि किती वेळ थांबवायचं, धावती गाडी कुठे थांबवायची, वारा सुटला की काय बंद करायचं, रात्री सगळं थांबवून काय तपासायचं. चालवण्याचं काम बरंचसं गुरुत्वाकर्षणच करतं.

तासाला किती माणसं?

एका कोस्टरच्या गाडीत 28 जागा आहेत असं धरू, चार-चारच्या सात ओळी. फेरी दोन मिनिटांची. उतरणं, चढणं, पट्टे तपासणं यात आणखी दीड मिनिट. रुळावर एकच गाडी असेल तर साडेतीन मिनिटांना एक फेरी, म्हणजे तासाला 17 फेऱ्या आणि 476 माणसं. आता दुसरी गाडी सोडली आणि दर दोन मिनिटांना एक सुटू लागली, तर तासाला 30 फेऱ्या आणि 840 माणसं. राइड तीच, वेग तोच, पण रांग पळायला लागते.

रांगेत किती वेळ जाणार हे काढायला मोठं गणित लागत नाही. तुमच्या पुढे 420 माणसं आहेत आणि राइड तासाला 840 माणसं उचलते, तर अर्धा तास. दुसरी गाडी दुरुस्तीला गेली असेल तर तीच 420 माणसं संपायला बावन्न-त्रेपन्न मिनिटं. रांगेतली माणसं, ती येण्याचा वेग आणि प्रत्येकाचा थांबण्याचा वेळ यांचं नातं जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने 1961 साली काटेकोरपणे सिद्ध केलं. बँकेची खिडकी असो, टोलनाका असो की रोलर कोस्टर, सूत्र तेच.

यातली खरी मेख फेरीच्या दोन मिनिटांत नाही, चढण्या-उतरण्याच्या दीड मिनिटात आहे. गाडी दर दोन मिनिटांऐवजी दर दोन मिनिटं वीस सेकंदांनी सुटली तर तासाला 25 फेऱ्या होतात, म्हणजे 700 माणसं. तासाला 140 जण कमी. नऊ तासांच्या दिवसात 1,260 माणसं त्या राइडला मुकली, किंवा तेवढी जास्त वेळ उन्हात उभी राहिली. आणि हे वीस सेकंद जातात कुठे? चप्पल काढायची की नाही यात, खिशातला मोबाइल कुणाकडे द्यायचा यात, ओढणी गुंडाळण्यात, "आम्हाला सगळ्यांना एकाच ओळीत बसायचंय" यात, आणि ऐन वेळी "मी नाही बसत बाबा" म्हणणाऱ्या मामांची समजूत घालण्यात. म्हणून मोठ्या राइडवर सामान ठेवायच्या खणांची जागा, ओळीप्रमाणे उभं राहायचे आकडे, एकट्या माणसाची वेगळी रांग या गोष्टींवर इतका विचार केलेला असतो. एकट्याची रांग म्हणजे तिघांच्या कुटुंबाशेजारी रिकामी राहणारी चौथी खुर्ची भरायची सोय.

"मंगळवारी गेलो, पार्कात माणूस नव्हता, तरी रांग होतीच" असं अनेकांनी ऐकवलेलं असेल. खोटं नाही ते. गर्दी कमी असली की पार्क दुसरी गाडी काढतच नाही. कमी कर्मचारी, कमी वीज, कमी झीज. गर्दी निम्मी आणि क्षमताही निम्मी, मग रांग तेवढीच. शिवाय पार्क कधीही वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसासाठी बांधत नाहीत. तसं बांधलं तर उरलेले दिवस ते पोसणं परवडणार नाही. गर्दीच्या पण अगदी कळस नसलेल्या एका दिवसाचं माप घेऊन रस्ते, संडास, स्वयंपाकघरं आणि राइड यांचा आकार ठरतो. दिवाळीच्या सुट्टीतला रविवार त्या मापाबाहेरचा असतो, हे त्यांना आधीपासून माहीत असतं.

काही राइड मात्र माणसं गिळण्यासाठीच बनवलेल्या असतात. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 1969 साली उघडलेल्या 'हाँटेड मॅन्शन'मध्ये दोन-दोन माणसांच्या खुर्च्या एका अखंड साखळीवर फिरत राहतात. चढण्या-उतरण्यासाठी ती थांबत नाही, शेजारचा सरकता पट्टा तिच्याच वेगाने चालतो. तासाला दोन हजारांच्या वर माणसं त्यातून जातात. थरार बेताचाच, पण तेवढी माणसं बाकीच्या रांगांतून कमी होतात. दुपारी दोनचा नाचगाण्याचा कार्यक्रमही त्याच कामाचा: हजार माणसं अर्धा तास सावलीत खुर्चीवर बसली की बाहेरचे रस्ते मोकळे.

सुटण्याआधीचं मिनिट

पुढच्या वेळी रांगेच्या टोकाला पोचलात की मोबाइल ठेवून स्टेशनात काय चाललंय ते बघा. इमॅजिकाच्या नायट्रोसारखा 'फ्लोअरलेस' कोस्टर असेल तर बघण्यासारखं आणखी जास्त.

गाडी आत येते. एका बाजूने माणसं उतरतात, मग दुसऱ्या बाजूची फाटकं उघडतात. लोक बसतात, खांद्यावरून जाड कमान खाली ओढतात. कर्मचारी ओळीओळीने फिरतो आणि प्रत्येक कमान वर खेचून बघतो. खाली दाबणं हे आपल्या समाधानासाठी. उघडते का याची खरी परीक्षा वर खेचूनच होते. मग पट्टा. मग पुढची खुर्ची. दोन बाजूंचे दोघे शेवटच्या ओळीला पोचले की अंगठा वर करतात. आता स्टेशनची जमीनच दुभंगते आणि खाली जाते, कारण या गाडीला तळ नसतो, पाय लोंबकळत राहतात. समोरचं फाटक बाजूला होतं. कमान लागली, जमीन उतरली, फाटक उघडलं, पुढचा रूळ रिकामा आहे, या प्रत्येक गोष्टीची खबर देणारा सेन्सर असतो. सगळ्यांकडून 'हो' आल्याशिवाय सुटण्याचा दिवाच लागत नाही. दिवा लागल्यावरही बऱ्याच राइडमध्ये दोन वेगळ्या जागी उभ्या असलेल्या दोघांना एकाच वेळी बटण दाबावं लागतं. एकाला काही खटकलं तर त्याने फक्त बोट उचलायचं.

हे सगळं सांभाळणारा मेंदू म्हणजे पीएलसी, लोटे-परशुरामच्या कारखान्यांत यंत्रं चालवतो त्याच जातीचा औद्योगिक संगणक. राइडमध्ये तो सहसा जोडीने असतो. दोघे तेच सेन्सर वाचतात आणि एकमेकांशी ताडून बघतात. उत्तरं जुळली नाहीत तर कोण बरोबर याचा वाद घालत बसत नाहीत, राइड बंद करतात. "टेक्निकल प्रॉब्लेम आहे, दहा मिनिटं थांबा" या घोषणेमागे पुष्कळदा एवढंच असतं की एखाद्या सेन्सरने 'हो' म्हणायला उशीर केला. लोक वैतागतात. मला विचाराल तर अशी घोषणा ऐकून मला बरं वाटतं.

क्रॉसिंग

दोन गाड्या एका रुळावर सोडल्या तर एक दुसरीवर आदळणार नाही कशावरून? याचं उत्तर कोकणातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. तुतारी एक्स्प्रेस विलवड्याला उगाच उभी राहिल्यासारखी वाटते तेव्हा डब्यात कुणीतरी शांतपणे सांगतं, "क्रॉसिंग आहे." कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी. स्टेशनांमधल्या रुळाचे तुकडे पाडलेले, त्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात. एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पुढचा तुकडा मोकळा झाल्याशिवाय सिग्नल पडत नाही.

रोलर कोस्टरने ही पद्धत रेल्वेकडूनच उचलली आहे, नावासकट. रुळाचे ब्लॉक पाडलेले असतात आणि ब्लॉक संपतो तो गाडी खात्रीने थांबवता येईल अशाच जागी: स्टेशन, चढणीची साखळी, शेवटची ब्रेकची सरळ पट्टी. उलट्या वळशात ब्रेक ठेवून उपयोग नाही, तिथे थांबून करायचं काय? त्यामुळे चढणीच्या माथ्यापासून ब्रेकच्या पट्टीपर्यंतचा सगळा धुमाकूळ बऱ्याच कोस्टरमध्ये एकाच ब्लॉकमध्ये येतो. आणि गाड्या जितक्या, त्यापेक्षा निदान एक ब्लॉक जास्त हवा. नाहीतर कुणालाच पुढे सरकता येणार नाही.

आता समजा पहिली गाडी ब्रेकच्या पट्टीत आली आणि काही कारणाने तिथेच थांबून राहिली. पट्टी रिकामी होत नाही, म्हणून मागून येणारी दुसरी गाडी चढणीवरच थांबवली जाते. खालून बघणाऱ्याला वाटतं, अडकले! कुणीतरी व्हिडिओ काढतो आणि रात्रीपर्यंत तो सगळ्या गावाच्या ग्रुपवर फिरतो. प्रत्यक्षात जे व्हायला हवं तेच झालेलं असतं. "काका, वरच बंद पडली तर काय करूचा?" हा पोरांचा हमखास प्रश्न. उत्तर असं की चढणीच्या कडेला पायऱ्या आणि कठडा असतो, आणि वेळ आलीच तर कर्मचारी एकेका ओळीची कमान हाताने सोडवून माणसांना चालत खाली आणतात. गाडी मागे घसरत नाही, कारण तिच्या पोटाखाली एक लोखंडी कुत्रं, म्हणजे अडकवणारा आकडा, दातेरी पट्टीवर अडकत वर चढत असतं. जुन्या कोस्टरवर चढताना कट-कट-कट असा जो आवाज काळजात धडकी भरवतो, तो याच सुरक्षेचा.

माथ्यावर पोचलं की मोटरचं काम संपतं. नायट्रोची उंची सुमारे 40 मीटर. एवढ्या उंचीवरून खाली येणारी कुठलीही वस्तू, घर्षण सोडून दिलं तर, सेकंदाला 28 मीटर म्हणजे ताशी शंभर किलोमीटरचा वेग घेते. पुढच्या प्रत्येक टेकाडावर आणि वळशावर ही शिदोरी थोडी थोडी खर्च होते, म्हणून पुढचं कुठलंही टेकाड पहिल्या चढणीपेक्षा बुटकं. गाडी रुळावरून उडत का नाही? चाकं तीन बाजूंनी रूळ धरतात: वरून, बाजूने आणि खालून. खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने 1919च्या सुमारास घेतलं आणि तिथून कोस्टर खऱ्या अर्थाने उंच आणि तीव्र उताराचे झाले.

शेवटी ही सगळी गती मारायची असते. नव्या कोस्टरमध्ये त्यासाठी कायमचे लोहचुंबक वापरतात. गाडीखालची धातूची पट्टी चुंबकांच्या फटीतून वेगाने गेली की तिच्यात विजेचे भोवरे तयार होतात आणि तेच तिला मागे खेचतात. जितका वेग जास्त तितका विरोध जास्त. ना वीज लागते, ना कुणी बटण दाबायचं. फक्त वेग अगदी कमी झाला की चुंबकाची पकड सुटते, म्हणून पूर्ण थांबवायला घासून धरणारे साधे ब्रेक ठेवावे लागतात. तेही पुष्कळदा उलट्या बाजूने विचार करून बनवलेले: स्प्रिंग ब्रेक लावून ठेवते, हवेचा दाब तो सोडवतो. पहिल्या पावसात लाइट जाते तशी पार्कची लाइट गेली, तर दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतो.

थांबणं गोड करायचं

व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी 1985 साली रांगेत उभ्या माणसाच्या मनाबद्दल लिहून ठेवलेल्या गोष्टी आज प्रत्येक पार्क वापरतं. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. किती थांबायचं ते माहीत नसलं की जास्त लांब वाटतो. म्हणून रांग नागमोडी असते, वळणावळणावर काही बघायला असतं, आत जाण्याआधी एका खोलीत पाच मिनिटांची गोष्ट सांगतात. फलकावर 'प्रतीक्षा 45 मिनिटं' लिहून 35 मिनिटांत आत घेतलं की माणूस खूश.

जादा पैसे देऊन पुढे जायची जी रांग असते, तिच्याबद्दल मात्र थोडं स्पष्ट बोलायला हवं. डिस्नेने 1999 साली फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता. ठरलेल्या वेळी या, तोवर फिरा. फिरणारा माणूस खातो-पितो, खरेदी करतो, हा फायदा रांगेत उभ्या माणसाकडून मिळत नाही. आता बहुतेक ठिकाणी हीच सोय विकत मिळते. पण त्यामुळे राइडची क्षमता एका माणसानेही वाढत नाही. तासाच्या 840 जागांतल्या 400 महागड्या रांगेला दिल्या, तर साध्या रांगेला 440च उरतात. ज्याने पैसे भरले त्याचा वेळ वाचला, आणि तो कुणाच्या खिशातून गेला हे मागे उभ्या असलेल्यांना कळत नाही.

बोगदे, कचरा आणि रात्रपाळी

1955 साली डिस्नेलँड उघडल्यावर वॉल्ट डिस्ने यांना एक गोष्ट सलायची. काउबॉयच्या वेशातला कर्मचारी आपल्या जागी पोचण्यासाठी भविष्यातल्या जगाच्या देखाव्यामधून चालत जायचा. म्हणून फ्लोरिडात 1971 साली उघडलेल्या मॅजिक किंगडमखाली कर्मचाऱ्यांसाठी बोगद्यांचं जाळं केलं. 'खाली' हा शब्द फसवा आहे. फ्लोरिडात जमिनीखालचं पाणी इतकं वर असतं की खोदलं की डबकं. तेव्हा बोगदे जमिनीवरच बांधले, शेजारी कृत्रिम तळं खोदून निघालेली माती त्यांच्यावर आणि भोवती टाकली, आणि वर पार्क उभारलं. पर्यटक फिरतात ते खरं तर पहिल्या मजल्यावर. तळमजल्यात पोशाखांचं कोठार, कपडे बदलायच्या खोल्या, कँटीन, पाण्याचे नळ, केबली, बॅटरीवरच्या गाड्या. कचरा स्वीडिश तंत्राच्या निर्वात नळांतून ताशी सुमारे शंभर किलोमीटरने ओढून नेतात. पार्कात कचऱ्याची गाडी कधी दिसत नाही ती यामुळे.

आपल्याकडच्या पार्कांना एवढं करायची गरज नाही आणि परवडणारही नाही. एक मागचा रस्ता, मध्ये भिंत, भिंतीला चित्र आणि दाट झाडी, एवढ्यावर काम भागतं. माल येतो, जेवण जातं, आजारी माणसाला रुग्णवाहिकेपर्यंत नेतात, सगळं त्या रस्त्याने.

गेट बंद झाल्यावर दिवसाइतकीच महत्त्वाची पाळी सुरू होते. फिटर रुळाच्या कडेने चालत बोल्ट बघतात, चाकांवरचं पॉलियुरेथेन फाटलंय का ते हाताने चाचपतात, झिजलेली चाकं बदलतात. पहाटे गाडी रिकामी, किंवा माणसांच्या वजनाच्या पाण्याने भरलेल्या पुतळ्यांसह, काही फेऱ्या सोडतात. रात्रभराच्या गारव्यात ग्रीस घट्ट झालेलं असतं, पहिल्या फेरीला गाडी चक्क हळू धावते. समोरून जोराचा वारा असेल तर एखादं टेकाड ती पार करू शकत नाही आणि दोन चढांच्या मधल्या खळग्यात मागे-पुढे डुलत राहते. तिथून तिला काढायचं काम दिवसभराचं. म्हणून वाऱ्याचं यंत्र ठरलेल्या आकड्यावर गेलं की राइड बंद, वीज चमकली की बंद, मग रांगेत कुणी कितीही ओरडो. तपासणीचा कागद सहीनिशी पूर्ण झाल्याशिवाय देखभालवाले राइड चालवणाऱ्यांच्या ताब्यात देत नाहीत.

आणि वर्षातून एकदा सगळी गाडी सुटी करतात. जूनमध्ये आपल्याकडे होड्या वर ओढून शाकारतात, इंजिन उघडतात, तसंच ते. आस आणि जोड चुंबकीय पावडरीने किंवा चिरेत झिरपणाऱ्या रंगीत द्रावाने तपासतात, कारण पोलादातली केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

लाटा बनवणारी भिंत

वॉटर पार्कमधली लाट कुठून येते? खोल बाजूच्या भिंतीमागे उंच बंद खोल्या असतात. मोठा पंखा त्यांत हवा दाबतो, पाणी खाली ढकललं जातं, झडप उघडली की ते उसळतं. ठरावीक तालात हे करत राहिलं की लाट तयार. काही मिनिटं लाट, काही मिनिटं शांतता, हेही मुद्दाम. शांततेत जीवरक्षकाला तळ दिसतो.

गणपतीपुळ्याच्या समुद्रात लाट थांबवायचं बटण नाही, इथे आहे, प्रत्येक जीवरक्षकाच्या हाताशी. पण खरी सुरक्षा त्याच्या नजरेत. जगभर वापरला जाणारा एक दंडक असा: आपल्या वाट्याचं पाणी 10 सेकंदांत नजरेखालून घालायचं आणि अडचणीतल्या माणसापर्यंत पुढच्या 20 सेकंदांत पोचायचं. बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवत नाही, निमूट उभ्या स्थितीत खाली जातो. इतक्या बारकाईने बघत राहणं अर्ध्या तासाच्या वर जमत नाही, म्हणून जीवरक्षक सतत जागा बदलत असतात. आपल्याला ते उगाच येरझाऱ्या घालतायत असं वाटतं.

पाण्याच्या वासाबद्दल एक. "क्लोरिनचा किती वास येतोय, म्हणजे पाणी स्वच्छ असणार" हा समज उलटा आहे. तो उग्र वास क्लोरिनचा घामाशी आणि लघवीशी संयोग होऊन बनणाऱ्या क्लोरामाइनचा असतो. चांगल्या राखलेल्या तलावाला जेमतेम वास येतो. वाळूच्या प्रचंड गाळण्या, पंप, दर काही तासांनी पाण्याची आम्लता (पीएच) 7.2 ते 7.8च्या मध्ये आहे का ते बघणारा माणूस, हे सगळं एका अशा खोलीत असतं जिचा पत्ता पर्यटकांच्या नकाशावर नसतो.

हेच आपल्या किनाऱ्यावर?

किनाऱ्यावर पार्क नवीन नाही. गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 साली सुरू झालं, लोक मार्व्याहून लाँचने जायचे. दक्षिणेकडे मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीचा सी वर्ल्ड प्रकल्प वर्षानुवर्षं चर्चेत राहिला, जमिनीवरून गावकऱ्यांनी विरोध केला आणि तो अडला. जमिनीचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण असं पार्क रोज चालवायचं म्हणजे काय, यावर आपण फारसं बोललो नाही.

पहिली गोष्ट खारं वारं. खिडकीचे गज किती वर्षं टिकतात ते किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला माहीत आहे. "ह्या सगळा गंजान जातला" हे आमच्याकडच्या कुठल्याही आबांचं मत अगदी शास्त्रीय आहे. गंजाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत खाऱ्या किनाऱ्याची हवा वरच्या वर्गात मोडते. जस्ताचा गरम मुलामा, त्यावर इपॉक्सी, त्यावर पॉलियुरेथेन असे थर द्यावे लागतात आणि ते पुन्हा पुन्हा तपासावे लागतात. जगात समुद्रकाठी कोस्टर आहेत, चालतात, पण त्यांचा रंगाऱ्यांचा आणि वेल्डरांचा खर्च खोपोलीतल्या पार्कच्या हिशेबाने धरता येत नाही. शिवाय भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम. समुद्र दिसणारी जागा आणि बांधकामाला मिळणारी जागा या सहसा वेगळ्या निघतात.

दुसरं, वादळ. 3 जून 2020ला निसर्ग वादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या पट्ट्यावर आदळलं, माड-पोफळी आडव्या झाल्या आणि दापोली-मंडणगडपर्यंत कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात राहिल्या. राइडचा सांगाडा वाऱ्यात उभा राहील असा बांधता येतो. पण गाळण्या, शीतगृहं आणि पंप इतके दिवस जनरेटरवर चालवायचे तर डिझेल कोणत्या रस्त्याने येणार?

तिसरं पाणी, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं. रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभ्याच्या सड्यावरून तो वाहून जातो किंवा झिरपून झऱ्यांना जातो, आणि एप्रिल-मे आला की वाड्यांवर टँकर. पार्कचा हंगाम मात्र दिवाळी, नाताळ आणि मे. म्हणजे विहिरी तळाला गेलेल्या असतात तेव्हाच तलावांतून पाणी सर्वांत जास्त उडतं, बाष्प होतं, अंगाबरोबर बाहेर जातं आणि गाळण्या उलट्या धुण्यात वाया जातं. पावसाळ्यात साठवायचं तर मोठा तलाव हवा, समुद्राचं पाणी गोडं करायचं तर वीज हवी. दोन्ही करता येतं. ते किमतीत आधी धरलेलं असलं पाहिजे.

राहता राहिल्या नोकऱ्या. त्या असतात, आणि तिकीटखिडकी किंवा झाडलोट एवढ्याच नसतात. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, पीएलसी आणि हायड्रॉलिक्स जाणणारा तंत्रज्ञ, पाणी तपासणारा, जीवरक्षक, शंभर किलो भात एका वेळी लावू शकणारा आचारी. आपल्या आयटीआयमधल्या पोरांना यातलं बरंच शिकवता येईल. मात्र तारकर्लीच्या वॉटर स्पोर्ट्सवाल्यांना जो प्रश्न दर पावसाळ्यात पडतो, तोच इथेही आहे. यातले किती जण बाराही महिने कामावर, आणि किती जणांना मेअखेरीस "दिवाळीला या" सांगून घरी पाठवणार? करार बघायला मिळालाच तर पहिल्यांदा ते पान उघडावं.